रंध्याची टेकडी

नाव आईबाप ठेवतात, पण माणूस ओळखला जातो तो चार टवाळांनी पाडलेल्या नावानं. खाणीवर त्याला सगळे रंधा म्हणायचे. सुतार फळीवर रंधा फिरवतो आणि मग वरनं हात फिरवला तर तळव्याला कुसही लागत नाही. तसा हा जमिनीवर डोझर फिरवायचा. डोझर म्हणजे काही नाजूक काम नव्हे. तीस टनांचं लोखंडी धूड, पुढं भिंतीएवढं पातं, खाली साखळ्यांचे पट्टे, आणि आवाज असा की चालवणारा माणूस घरी जाऊन मीठ मागतो तेही ओरडूनच. पण ह्याच्या हाती ते पातं म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवावा तसं फिरायचं. बाकीचे चालक मुद्दाम त्यानं सपाट केलेल्या जागेवर गोटी ठेवून बघायचे. गोटी जागची हलायची नाही. "बिचारीला कुठं जावं तेच कळेना," म्हणून ते हसायचे, आणि हा गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत राहायचा, ऐकलंच नाही असं दाखवत.

कामगार वसाहतीत त्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत, पंख्याच्या समोरच्या भिंतीवर, 'उत्कृष्ट चालक' अशी तीन प्रशस्तिपत्रं काचेत लावलेली. बायको दर आठवड्याला काचा पुसायची आणि दर आठवड्याला म्हणायची, "अहो, जगाची जमीन सपाट करता, तेवढा आपल्या दारातला खड्डा बुजवा की." तो खड्डा छत्तीस वर्षं तसाच राहिला.

त्या तीन कागदांबद्दल त्याच्या थोरल्या बहिणीनं मात्र कधी चकार शब्द काढला नव्हता.

थोरली त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, बाप गेला तेव्हा हा दहा वर्षांचा. थोरलीनं गुरं सांभाळली आणि ह्यालाही सांभाळलं, साधारण एकाच पद्धतीनं: वेळेवर खायला, वेळेवर पाणी, आणि वाकडं पाऊल पडलं की काठी. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "नव्वद जणांचं शेण काढते. त्यात आणखी एकाची भर कशाला?" तेव्हा नव्वद जनावरं होती दावणीला. वस्तीच्या मागं साडेतीनशे एकरांची टेकडी होती. मालकी कुणा एकाची नाही. चार घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं गुरं चारायची. गवत कमरेएवढं. गुरं एका उतारावर चरायला लागली की दुसऱ्या उतारावर हरणं यायची, आणि पाय टाकताना खाली बघावं लागायचं, कारण टिटव्यांची अंडी उघड्यावरच पडलेली असायची.

मग टेकडीखाली कोळसा निघाला.

खाणवाल्यांनी कागद आणला. त्यात लिहिलं होतं की कोळसा काढून झाल्यावर जमीन पूर्ववत करून चराईसाठी परत दिली जाईल. थोरलीला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवल्यावर तिनं विचारलं, "पूर्ववत म्हणजे कसं, हे ह्यांना ठाऊक आहे का? एकदा तरी वर चढलेत?" कागद आणणारा माणूस घाम पुसत राहिला.

खाणीवर माणसं घ्यायला लागले तेव्हा हा बावीस वर्षांचा होता आणि गुरांच्या मागं चालून चालून विटला होता. यंत्राच्या खुर्चीत बसला आणि सहा महिन्यांत चालक झाला. टेकडीच्या अंगावरची माती खरवडायचं पहिलं काम निघालं, ते नेमकं त्याच्या वाट्याला आलं.

त्या सकाळी थोरली गुरं घेऊन वर होती. भांडायला आली नव्हती, रोजच्यासारखी चारायला आली होती. ह्यानं दोन हाका मारल्या, त्या इंजिनाच्या आवाजात त्याच्या त्यालाही ऐकू आल्या नाहीत. मग त्यानं भोंगा दाबला. गुरं बिथरून उतारानं पळाली. तिनं एकदा वळून बघितलं, काठी उचलली आणि गुरांमागं खाली गेली. संध्याकाळी त्याला नेहमीसारखं जेवायला वाढलं. भाजी आणखी हवी का तेही विचारलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. शिवी दिली की निदान भांडता येतं.

टेकडी गेली. तिच्या जागी खड्डा झाला, खड्ड्याची दरी झाली. दरीच्या तळाशी उभ्या असलेल्या गाड्या वरनं मुंगळ्यांएवढ्या दिसायच्या. थोरली गुरं चारायची ती रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या काठानं, कापणी झालेल्या शेतांतनं, लोक हाकलून देतील तोवर. नव्वदाची साठ झाली, साठाची चौतीस. एखादं जनावर विकलं गेलं की ह्याला ते तिसऱ्याच माणसाकडून कळायचं. बाकी तिघांपैकी दोन घरांनी गुरं सोडलीच. एकानं शेळ्या धरल्या.

आणि एक दिवस कोळसा संपला. कागद मात्र उरला होता.

दरी भरायला चार वर्षं लागली. भरून वर आल्यावर टेकडीला आकार द्यायचं काम निघालं, तेव्हा रंधा स्वतः जाऊन इंचार्जसमोर उभा राहिला. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

इंचार्ज म्हणाला, "अरे, आता कशाला उन्हात मरतोस? कार्यशाळेत सावलीतलं काम देतो की."

"नको साहेब. ही टेकडी मी उतरवली. चढवतो पण मीच."

सात महिने त्यानं दुसरं काही केलं नाही. नकाशा होता, पण नकाशा त्याला लागत नव्हता. कुठं चढ सुरू व्हायचा, कुठं पाय घसरायचा, हे त्याच्या पोटऱ्यांना पाठ होतं. ढिगानं राखून ठेवलेली वरची माती हातभर जाडीनं पसरली. मग तिच्यावर पातं फिरवलं. मग आडवं फिरवलं. पालथ्या परातीसारखी गोल, तुकतुकीत टेकडी तयार झाली. मोठ्या रस्त्यावरनं ती दिसायची आणि वरचे अधिकारी गाडी थांबवून तिचे फोटो काढायचे. चालकांनी गोटी आणली नाही. एकजण नुसतं म्हणाला, "रंध्या, ह्याच्यावर आता गवत यायलासुद्धा घाबरेल रे."

तो गमतीनं म्हणाला होता.

बी पेरलं. पाऊस झाला, गवत आलं ते टकलाच्या कडेला केस उरावेत तसं. पुन्हा पेरलं. तिसऱ्यांदा पेरलं. बियाणं जुनं होतं, असं एकजण म्हणाला. ढिगात पडून माती मेली असेल, असं दुसरा म्हणाला. आभाळाला तर सगळ्यांनीच दोष दिला. आभाळ काही उलटून बोलत नाही.

त्या सुमाराला गवत तपासणारी एक बाई कामावर आली. वय अठ्ठावीस-एकोणतीस, चष्मा, डोक्यावर पुरुषी टोपी, हातात लोखंडी सळीची चौकट. ती डोळे मिटून चौकट खांद्यावरनं मागं फेकायची, आणि पडेल तिथं बसून आतलं गवत मोजायची. पहिल्या दिवशी कामगार म्हणाले, "बाई जत्रेतली रिंग फेकतायत. साबण लागला तर आम्हाला द्या." महिन्याभरात सगळे तिला गवतबाई म्हणायला लागले आणि हसणं बंद झालं, कारण टेकडीचं काय होणार ते त्या चौकटीवर होतं. शंभर भागांतले साठ भाग गवतानं झाकले तर जमीन चराईसाठी परत. तपासण्या दोन. दोन्हीत नापास झाली तर जमीन 'चराईस अयोग्य' ठरणार आणि शहराचा कचरा टाकायला दिली जाणार. शहराची माणसं येऊन रस्त्याची रुंदी मोजूनही गेली होती.

पहिली तपासणी झाली. गवतबाई गाडीपाशी आली.

"काका, एकवीस."

"साठातले?"

"शंभरातले."

रंध्यानं इंजिन बंद केलं. "माझ्या कामात काही खोट आहे का, मॅडम?"

ती टेकडीकडं बघत राहिली. बोलायला तोंड उघडल्यासारखं केलं, मग म्हणाली, "तुमचं काम तर एक नंबर आहे, काका. नकाशात होतं तस्सं."

थोरलीला सांगणं भाग होतं. तो गोठ्यात गेला तेव्हा ती एका गाईचा खूर मांडीवर घेऊन त्यातला खडा काढत होती.

"एकवीस म्हणजे काय?" तिनं वर न बघता विचारलं.

"शंभर पावलं टाकलीस तर एकवीस गवतावर पडतील."

"आणि बाकीची?"

"मातीवर."

खडा निघाला. तिनं तो बोटांत धरून बघितला आणि बाहेर फेकला. "दुसऱ्यांदा कधी बघणार?"

"दोन वर्षांनी. तेव्हाही नाही आलं तर कचरा."

"उद्या येते," ती म्हणाली. तेहतीस-चौतीस वर्षांत ती त्या बाजूला फिरकली नव्हती.

आली. गुडघा धरून, काठी टेकत चढली. मध्ये कुठं थांबली नाही. माथ्यावर पोचल्यावर तिनं काठी उचलून जमिनीवर आपटली. दगडावर आपटावी तसा आवाज आला.

"धाकट्या, ही जमीन आहे का ओटा?"

तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

"नाही, केलायस छान. पाहुणे बोलाव. पोळपाट मांड."

मग तिची नजर मागच्या उताराकडं गेली. तिकडं, कुंपणाच्या जवळ, एक हिरवा पट्टा होता. तिनं काठी त्या बाजूला वळवली.

"तिकडं काही नाही, ताई," तो घाईनं म्हणाला. "ती आपली हद्द नाही."

जन्मभर गुरं वळलेल्या बाईला, समोरचं कुठं जायला बघत नाही आणि का बघत नाही, ते मानेवरनंच कळतं. ती सरळ तिकडं चालायला लागली.

तो कोपरा म्हणजे त्याची लाज होती. दीड वर्षापूर्वी भुरभुर पावसात हट्टानं गाडी घातली आणि ती पोटापर्यंत रुतली. निघायची म्हणून पट्टे फिरवत राहिला तशी आणखी खचली. शेवटी दुसऱ्या डोझरला पोलादी दोर बांधून ओढून काढावी लागली. मागं राहिले ते कमरेएवढे चर, ढेकळं, खळगे, डुकरांनी रान उकरावं तसे. कोपरा रस्त्यावरनं दिसत नव्हता. त्यानं तो तसाच सोडला होता आणि गवतबाईला सांगितलं होतं की तेवढं हद्दीबाहेर आहे. तिथं कुणी पेरलं नव्हतं की मोजलं नव्हतं.

तिथं गवत गुडघ्याच्या वर होतं. थोरलीनं काठीनं ते बाजूला सारलं. खाली सशाच्या लेंड्या होत्या, आणि पुढच्या ढेकळामागनं एक चंडोल भुर्रकन उडाला.

"इथं कुणी पेरलं?"

"कुणी नाही. वरचं बी वाहून आलं असेल."

"वाहतच होतं, तर पुढं का नाही गेलं? इथंच का थांबलं?"

ती एका ढेकळावर बसली आणि गुडघा चोळायला लागली.

"थांबायला जागा मिळाली म्हणून थांबलं. पाणी थांबलं, बी थांबलं, वाऱ्यानं आलेला पालापाचोळा थांबला. वर तू कुणाला टेकूच देत नाहीस. जुन्या टेकडीवर पाऊल सरळ पडायचं का तुझं? गुरांच्या खुरांनी सगळी खळग्या-खळग्यांची होती. प्रत्येक खळग्यात ओंजळभर पाणी." ती थांबली. "जिथं तुझं बिघडलं, बाबा, तिथंच उगवलंय बघ."

ती खाली निघून गेल्यावर त्यानं गाडीतला पिण्याच्या पाण्याचा कॅन आणला. आधी माथ्यावर, आपल्या सपाट जमिनीवर अर्धा ओतला. पाणी सापासारखं वळवळत उतारानं खाली गेलं. ओल्या जागी नख घातलं, तर नखाएवढीच ओल. मग कोपऱ्यात जाऊन उरलेलं चरात ओतलं. पाणी तिथंच बुडबुडलं आणि जिरलं. त्यानं हात घातला. मनगटापर्यंत गार लागलं. तो तसाच, हात मातीत घालून, बराच वेळ उकिडवा बसला होता. चौतीस वर्षांची विद्या अर्ध्या कॅन पाण्याबरोबर उतारानं गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं गवतबाईला कोपरा दाखवला. तिनं चौकट फेकली. मोजलं. पुन्हा फेकली. अठ्ठ्याऐंशी. ती उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

"काका, हे तुम्ही लपवलंत?"

"लाज वाटली, मॅडम."

ती आणखी काही बोलणार होती, पण तिचा आवाज खाली आला. "मीही तुम्हाला सांगितलं नाही. जमीन खडबडीत ठेवावी, हे मी शिकून आलेय. पण जो तो तुमचं कौतुक करतो, आणि मी काल आलेली. म्हटलं, ह्या माणसाला मी काय जमीन शिकवणार."

इंचार्जची खोली म्हणजे पत्र्याचा डबा. एसीचं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत टपटपत होतं, भिंतीवर टेकडीचा मोठा फोटो होता. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"म्हणजे एकवीस आहेत. त्यांचे साठ करायचे आहेत. आणि तू म्हणतोस, आधी त्या एकवीसचं शून्य करू. असंच ना?"

"हो साहेब."

"मॅडम, तुमचं पण डोकं फिरलंय का?"

"अजून दोन मोसम आहेत, सर," गवतबाई म्हणाली. "पहिल्यात काही दिसणार नाही. दुसऱ्यात येईल."

"आणि नाही आलं तर? चांगली टेकडी कुणी उकरली म्हणून वरनं विचारतील, तेव्हा कुणाचं नाव सांगू?"

"माझं," रंधा म्हणाला.

"तोंडी नको. लिहून दे."

रंध्याचं पेन चालेना. इंचार्जनं आपलं दिलं. त्यानं उभ्या उभ्याच लिहिलं: ही जमीन मी गुळगुळीत केली, त्यामुळं पाणी व बी थांबलं नाही, चूक माझी आहे, ती उकरून नीट करायची परवानगी असावी. खाली सही केली. चार ओळी लिहायला त्याला एवढा वेळ लागला की बादली भरून वाहायला लागली आणि कुणी उठलं नाही.

इंचार्जनं कागद वाचला. "तुझ्या निवृत्तीच्या फायलीला हा लागणार. कळतंय ना?"

"कळतंय."

गाडीच्या मागं तीन दातांचा नांगर असतो, हातभर लांब दातांचा. तो खाली सोडून त्यानं उताराला आडव्या रेघा ओढायला सुरुवात केली. दर दहा पावलांवर पात्याचं एक टोक जमिनीत खुपसून खड्डा करायचा, पुढच्या रांगेत तो खड्डा मधोमध येईल असा. काम सोपं होतं. हात ऐकत नव्हता. खड्डा केला की हात आपसूक पातं मागं घ्यायचा आणि खड्ड्याची कड पुसून टाकायचा. पहिले आठ दिवस गवतबाई लाल फडकं घेऊन गाडीपुढं उलटी चालत होती आणि ओरडत होती, "काका, पुसू नका! पुसू नका म्हटलं ना!"

रस्त्यावरनं जाणारे चालक थांबून बघायचे. "रंध्या, घेऊन चालवतोस का रे?" "रंध्याचा उंदीर झाला, लोकहो!" तो हात वर करायचा. संध्याकाळी घरी येऊन जेवताना बोलायचा नाही. बायकोनं एकदा विचारलं, "दुखतंय का काही?" तो म्हणाला, "हाताला सवय मोडवत नाही." ती म्हणाली, "चांगलं काम करायची सवय मोडायला दुखणारच." मग तिलाच वाटलं, आपण भलतंच बोललो.

तिसऱ्या आठवड्यात एक टिटवी गाडीपुढं येऊन किंचाळायला लागली. तो खाली उतरला. उघड्या मातीवर चार अंडी होती, चिखलाच्या रंगाची. त्यानं गाडीच्या लांबीएवढं रिंगण सोडलं आणि रेघा त्याला वळसा घालून नेल्या. पुन्हा चढून बसल्यावर त्यानं भोंग्याची वायर उपसली. गाडीला भोंगा नाही म्हणून सुरक्षावाल्यानं ओरडा केला, तेव्हा परत जोडली.

टेकडी उकरून झाली, पुन्हा पेरली, वर काटक्या पसरल्या. कुंपणाची सगळ्यांत खालची तार गवतबाईनं काटे नसलेली लावून घेतली, तीही गुडघ्याएवढ्या उंचीवर, हरणांना खालनं निघता यावं म्हणून. पहिल्या मोसमात नुसतं तण माजलं. चौदा. शहराची माणसं पुन्हा येऊन उभी राहिली आणि गाड्या कुठं वळवायच्या ते हातवारे करून ठरवत होती. थोरलीनं विचारलं, "किती?" त्यानं सांगितलं. दुसऱ्या मोसमाच्या तोंडाशी त्याची निवृत्ती झाली. निरोपाच्या वेळी सगळ्यांना देतात तसं घड्याळ त्याला दिलं. इतरांना त्याबरोबर एक प्रशस्तिपत्र मिळायचं. त्याला मिळालं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

पण त्या मोसमात गवत आलं. खळग्यांतनं आधी, मग एका खळग्यातनं दुसऱ्यात. तपासणीला तीन परके अधिकारी आले. साठ वेळा चौकट फेकली. रंधा आता कामावर नव्हता, तो कुंपणाबाहेर उभा राहून प्रत्येक वेळी चौकट कुठं पडते ते बघत होता. दुपारी गवतबाई खाली आली, चष्मा काढून पुसत.

"त्रेसष्ट, काका."

तो तडक थोरलीच्या गोठ्याकडं निघाला.

आठ दिवसांनी फाटक उघडायचं ठरलं. इंचार्ज आला होता, गवतबाई होती, शेळ्यांवाला आपल्या शेळ्या घेऊन सकाळपासून उभा होता. थोरली चौतीस गुरं घेऊन आली. गुरांना गवताचा वास आला होता, ती फाटकाला अंग घासत होती. थोरली म्हणाली, "थांबवा त्यांना," आणि एकटीच आत गेली.

पन्नासेक पावलांवर ती वाकली. गाय जीभ गुंडाळते तसं तिनं गवत मुठीभोवती गुंडाळलं आणि हिसका दिला. गवत मुळासकट हातात आलं. तिनं दुसरीकडं ओढलं. तिसरीकडं. दहा ठिकाणी ओढून ती परत आली. ओच्यात जुड्या होत्या, त्यातल्या सात मुळांसकट. मुळं बोटभरच होती.

"अजून नाही," ती म्हणाली.

"अहो बाई, कागद झालाय!" इंचार्ज म्हणाला. "त्रेसष्ट भरलंय!"

"तुमची चौकट वरनं मोजते, साहेब. गाय खालनं ओढते. पात तुटली पाहिजे, मूळ नाही. अजून एक वर्ष."

गवतबाईनं एक जुडी हातात घेतली, उलटसुलट केली. "बरोबर म्हणतात त्या, सर. मोजायच्या नियमात हे बसत नाही, पण बरोबर आहे."

शेळ्यांवाला भडकला. "वर्षभर माझ्या शेळ्यांनी काय ह्यांचा कागद खायचा?"

"जा की तू आत. फाटक काय मी धरून ठेवलंय?" थोरली म्हणाली. "महिन्याभरात सगळं मुळासकट खाऊन होईल. मग पुढं जन्मभर दगड चाट."

शेळ्यांवाला जागचा हलला नाही. मग थुंकला, एक शिवी हवेत सोडली, आणि शेळ्या वळवल्या. त्यानं वळवल्यावर बाकी कुणी बोलायचा प्रश्नच नव्हता. इंचार्जनं फाटकाची कडी पुन्हा लावली.

रंधा बहिणीमागनं चालत गेला. "ताई, तुझ्या गुरांना काय घालशील?"

"नदीकडं नेते. बाप न्यायचा तसं. अकरा दिवसांची चाल आहे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिकडंच."

"तुझा गुडघा?"

"गुडघा माझा आहे."

"आणि वाटेत बसला म्हणजे?"

दोघांनाही ठाऊक होतं. एकटीच्यानं ते होणार नव्हतं, आणि नाही झालं तर चौतीस गुरं बाजारात जाणार होती. टेकडी वाचली आणि तिच्यावर चरायला कुणी उरलं नाही, असं झालं असतं.

"मी येतो," तो म्हणाला.

"तू?" ती थांबली आणि त्याच्याकडं आपादमस्तक बघितलं. "गिअर नसतो गुरांना."

घरी बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला दोन पायांची म्हातारी वळत नाही, ती चौतीस काय वळणार?" पण तिनं दोन जोडी जुने मोजे आणि गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली बांधून दिली. तेल थोरलीसाठी, असं दोनदा बजावलं.

थोरलीनं त्याला कळपाच्या शेपटाला ठेवलं, धुळीत. पुढं ती. पहिल्या दिवशी गुरांनी त्याचं काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी एका तांबड्या गाईनं त्याला पाडलं. तो फार भरभर चालायचा, मग गुरं दचकायची, मग थोरली पुढनं ओरडायची, "अरे, ढकलतोस काय! चाल नुसता!"

चौथ्या दिवशी दुपारी ओढ्यापाशी थांबल्यावर ती म्हणाली, "मोज."

"तेहतीस."

"पुन्हा मोज."

"तेहतीसच, ताई."

ती पाय पसरून बसली आणि गुडघ्याला तेल लावायला लागली. तो आल्या वाटेनं मागं गेला. मैलभर मागं, झुडपांच्या आड, काळी गाय उभी होती, आणि तिच्या पुढ्यात ओलं वासरू, उठायचं की नाही ते ठरवत. तीन वेळा उठलं, तीन वेळा पडलं. तो वाट बघत उभा राहिला. गाईनं चाटून चाटून त्याला कोरडं केलं, मग त्यानं ते उचलून खांद्यावर घेतलं. पुढचे पाय डाव्या हातात, मागचे उजव्या. गाय हंबरत मागनं चालायला लागली. अर्ध्या वाटेत वासरानं त्याच्या पाठीवर कोमट धार सोडली. हात मोकळे नव्हते. तो तसाच चालला, सावकाश.

थोरलीनं वासराची शेपटी उचलून बघितली.

"कालवड आहे," ती म्हणाली. "खाली ठेव तिला, पिऊ दे. आणि तू तो सदरा धू. मग निघू."